गाव उन्हाळ्याचं, दिवस हिवाळ्याचा

जोधपूरचं काम आटोपलं की मधला एक दिवस काढून तू एकटीच जैसलमेरला जाणार आहेस, हे ताईकडून कळलं. तिने फोन केला होता तो मी तुझं मन वळवावं म्हणून. मी वळवणार नाही. जानेवारीत, एकटीने, पायी बघावं असंच ते गाव आहे. मी चारदा गेले, त्यातल्या दोन खेपा एकटीच्या होत्या. फक्त निघण्याआधी काही गोष्टी कानावर घालते. यातल्या काही तुझ्या आजोबांच्या आहेत. अण्णा लष्करात सिग्नलला होते आणि १९७१ च्या आधी दोन वर्षं त्या बाजूला राहिले होते. काही किल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या माजींच्या आहेत, त्यांच्या ओसरीवर मी एक अख्खी दुपार काढली होती. उरलेल्या माझ्या चुकांनी शिकवल्या.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव, बाकीचं तुला त्यातूनच सुचत जाईल. ते गाव उन्हाळ्यासाठी बांधलेलं आहे आणि तू जाते आहेस हिवाळ्यात. मे-जूनमध्ये तिथे पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत माणसाला जगता यावं म्हणून गल्ल्या इतक्या अरुंद, की एका घराची सावली समोरच्या घरावर पडावी. भिंती जाड, गोखडे पुढे काढलेले, खिडक्यांना दगडी जाळ्या, म्हणजे ऊन गाळून आत येतं आणि वारा खेळता राहतो. जानेवारीत ही सगळी हुशारी अंगावर येते. सकाळी दहापर्यंत त्या गल्ल्या तळघरासारख्या गार असतात. लोक गाडीतून उतरतात ते थेट गल्ल्यांत शिरतात, कुडकुडतात, आणि दुपारी ऊन डोक्यावर आलं की गच्चीवर जाऊन बसतात. अण्णांचा नियम नेमका उलटा होता: सकाळी मोकळ्यावर, दुपारी गल्लीत, दिवस कलला की पुन्हा मोकळ्यावर. मी तो पहिल्या खेपेला पाळला नाही, नंतर तीनदा पाळला.

आता थंडीचं. दिवसा २३-२४ अंश, अगदी आपल्या पुण्यासारखं सुखाचं. पहाटे ७-८, आणि लाट आली तर २-३ वर. हवा कोरडी, आकाशात ढग नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते, अडवायला काहीच नसतं. एक जाड कोट नेऊ नकोस, अकरा वाजता तो हातात ओझं होतो. आत सुती, वर पातळ लोकर, वर वारा अडवणारं जॅकेट, असं एकावर एक घाल आणि एकेक काढत जा. कान झाकणारी टोपी हवीच, स्कार्फने भागत नाही. खोबरेल तेलाची बाटली नेऊ नकोस, पहाटे ती दगड होऊन बसलेली असते. छोट्या डबीत साजूक तूप ने. ओठांना, टाचांना, आणि झोपताना नाकपुड्यांच्या आतून बोटभर लाव. कोरड्या हवेत नाकातून रक्त येतं ते टळतं. आणि पाणी पीत राहा. गारव्यात तहान लागत नाही, म्हणून माणूस पीत नाही, आणि चार वाजता डोकं का दुखतंय ते कळत नाही.

जोधपूरहून रात्रीच्या गाडीने गेलीस तर खिडकीच्या फटीतून बारीक वाळू आत येते. उशीला ओढणी गुंडाळ आणि फोन-कॅमेरा पिशवीत बंद ठेव. गाडी अंधारात पोहोचेल. तिथे जानेवारीत साडेसात झाल्याशिवाय सूर्य उगवत नाही. देशाच्या पार पश्चिमेच्या टोकाला आहे ते गाव, घड्याळ मात्र आपलंच. तेव्हा स्टेशनातून बाहेर पडायची घाई करू नकोस. फलाटावर चहा घे, उजाडू दे. बाहेर रिक्षावाले, हॉटेलवाले गराडा घालतील. राहायची जागा आधीच ठरवलेली असू दे, तिचं नाव स्पष्ट सांग आणि भाडं ठरवूनच बस.

आणि ही जागा किल्ल्याच्या आत घेऊ नकोस. हे मी कळकळीने सांगते. ११५६ मध्ये रावळ जैसलने तो किल्ला त्रिकूट टेकडीवर बांधायला घेतला, तेव्हा वर येणारं पाणी घड्याघड्याने येत होतं आणि थेंबाथेंबाने वापरलं जात होतं. टेकडीच्या पोटात चिकणमातीचे मऊ थर आहेत. पुढे नळ आले, मग खोल्याखोल्यांतून न्हाणीघरं आली, सांडपाणी जिरून त्या थरांत उतरलं आणि तटबंदी सरकू लागली. गेल्या शतकाच्या अखेरीला काही बुरूज ढासळले, आणि जगातल्या धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत ह्या किल्ल्याचं नाव लागलं. २०१३ मध्ये तो राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा ठरला. काही हजार माणसं आजही आत राहतात. ती त्यांची घरं आहेत, त्यांना पाणी हवंच. पाहुण्याने मात्र अंघोळ खाली गावात करावी आणि वर नुसतं हिंडायला जावं. खालीही एका बादलीत भागव. माजी मला म्हणाल्या होत्या, त्यांच्या लहानपणी परातीत बसून अंघोळ करायचे आणि ते पाणी पुन्हा गुरांना नाहीतर सारवायला जायचं. मी तेव्हापासून घरीही नळ धो धो सोडत नाही.

सामान टाकलंस की पहिलं गडीसरला जा. चौदाव्या शतकात महारावळ घडसीने हा तलाव नीट बांधून घेतला, आणि नळ येईपर्यंत गाव हेच पाणी प्यायचं. आता त्यात कालव्याचं पाणी सोडतात. तळ्याच्या काठाने पायऱ्या आहेत, पूर्वेचं ऊन अंगावर येतं, आणि वायव्येला किल्ला दिसतो. आठच्या सुमारास तो राखाडी असतो. मग ऊन चढतं तसा वरून खाली पिवळा होत येतो, आधी राजवाड्याची कड, मग बुरूज, मग तट. ते पुरं होईस्तोवर बस. पाण्यात हिवाळी पाहुणे पक्षी उतरलेले असतात. तळ्याच्या तोंडाशी जी कमान आहे ती तिलों की पोल. तिलों नावाच्या गणिकेने ती बांधली, आणि राजाने पाडू नये म्हणून वर कृष्णाची मूर्ती बसवली, असं तिथे सांगतात. पाणी भरायला येणाऱ्या सगळ्या बायकांना तिच्या कमानीखालून जावं लागे. मला ती कमान फार आवडते.

नऊ-साडेनऊला किल्ल्याकडे वळ. चार दरवाजे लागतात: अखई पोल, सूरज पोल, गणेश पोल, हवा पोल. चढावरचा दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालाय आणि सकाळी त्यावर दव असतं, तेव्हा तळाला पकड असलेले बूट घाल. हवा पोलमध्ये थांब. बाहेर वाऱ्याचं नाव नसलं तरी त्या कमानीत झुळूक असते, म्हणून उन्हाळ्यात गावकरी तिथे बसतात. तू हिवाळ्यात तिथे बसू नकोस, पुढे चौकात ऊन आहे.

आधी जैन मंदिरं. बारावं ते सोळावं शतक ह्या काळात बांधलेल्या देवळांचा तो पुंजका आहे, आणि नुसतं बघायला येणाऱ्यांना सकाळच्या वेळातच आत सोडतात, म्हणून दुपारवर टाकू नकोस. चामड्याचं काही चालत नाही: पट्टा, पाकीट, पर्स, घड्याळाचा पट्टासुद्धा. कापडी पिशवीच ने. आणि जाड पायमोज्यांचा एक जास्तीचा जोड जवळ ठेव. त्या फरशीवर सकाळी अनवाणी उभं राहिलं तर पोटऱ्यांपर्यंत कळ येते, मग माणूस घाईने बाहेर पडतो आणि छताकडे बघायचंच राहून जातं. तळघरात ज्ञानभांडार आहे, ताडपत्रांवरच्या आणि कागदावरच्या जुन्या पोथ्यांचं. कोरड्या हवेने इथला माणूस फुटतो, पण पोथ्या टिकल्या.

मग किल्ल्यातल्या वस्तीत हिंड. तिथल्या आळ्यांना पाडा म्हणतात. शब्द ऐकून घरचंच वाटेल. घरांच्या दर्शनी भिंतीवर रंगवलेले गणपती दिसतील. जवळ जाऊन वाच. ती त्या घरातल्या लग्नाची पत्रिका असते: वर-वधूचं नाव, तिथी, आणि वर गणपती. एका भिंतीवर मी जुन्या चुन्याखालून डोकावणारा दुसरा गणपती पाहिला. त्याचा लाल रंग विटून गुलाबी झाला होता, सोंडेचं टोक आणि एक मोदक तेवढा शाबूत होता. बापाच्या लग्नावर मुलाचं लग्न रंगवलेलं. फोटो काढायचा असेल तर दारातल्या माणसाला विचार, आणि दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावू नकोस. किल्ला असला तरी तो कोणाचा तरी वाडा आहे.

बोलण्याचं सांगते. “राम राम सा” म्हण आणि प्रत्येक नावामागे “सा” लाव. तुला बाईसा म्हणतील, ते प्रेमाचं आणि मानाचं आहे. दुकानदार हाका मारतीलच. त्यांना “बाद में” म्हणू नकोस. आपल्याला तो सुटकेचा शब्द वाटतो, त्यांना तो वायदा वाटतो. संध्याकाळी त्याच वाटेने परत येशील तेव्हा तो माणूस उठून उभा राहील आणि तुला खोटं ठरल्यासारखं होईल. एकदाच, हसून, “नहीं भाईसा” म्हण आणि चालत राहा. “अकेली हो?” असं कोणी विचारलं तर “घरवाले होटल में हैं” म्हणायला हरकत नाही. पण म्हातारी बाई विचारेल तर खरं सांग. तिच्या विचारण्यामागे काळजी असते, आणि बहुतेकदा त्यानंतर चहा येतो.

किल्ल्याच्या दरवाजाजवळ सरकारमान्य भांगेचं दुकान आहे, त्यामुळे तिथे लस्सी, बिस्किटं, लाडू असं काहीही घेण्याआधी त्यात काय आहे ते विचार. एकटी असताना ही चैन नको.

बारानंतर खाली गावात उतर. तिथली खरी मध्यान्ह पाऊण-एकला होते, आणि हवेल्यांच्या गल्लीत ऊन तळापर्यंत पोहोचतं ते तेवढ्याच वेळात. पटवों की हवेली म्हणजे एक नाही, पाच. गुमानचंद पटव्याने आपल्या पाच मुलांसाठी १८०५ च्या सुमाराला त्या बांधायला घेतल्या आणि कामाला पन्नासेक वर्षं लागली. पटवा म्हणजे मूळ आपल्याकडच्या पटवेकऱ्यासारखाच, जरीच्या धाग्याचा माणूस. पुढे सावकारी आणि उंटांच्या तांड्यांवरचा दूरचा व्यापार करून हे घराणं मोठं झालं. आत तिकीट काढून जा, पण त्याआधी बाहेर उभी राहून वर बघ. वरून उतरणारं ऊन जाळीच्या काठाला घासून जातं आणि प्रत्येक पाकळीखाली तिची सावली पडते. अर्ध्या तासाने तेच काम सपाट दिसतं.

तिथे उभी असताना हेही आठव, की ह्या वैभवाला ओहोटी लागली त्यात आपल्या मुंबईचा हात आहे. बंदरातून माल जाऊ लागला तसा उंटांच्या वाटेवरचा माल आटला. १९४७ मध्ये सिंधची वाटच बंद झाली. मराठी फौजा राजस्थानात इतक्या फिरल्या, पण इथे आल्या नाहीत. गाव इतकं आडबाजूला होतं की त्यामुळेच वाचलं. मुंबईने मात्र तलवार न उपसता त्याला रिकामं केलं. मला ते दर वेळी तिथे जाणवतं.

नथमलजींची हवेली चुकवू नकोस, १८८५ ची आहे. दोघा भावांनी ती घडवली, एकाने डावी बाजू, दुसऱ्याने उजवी. दारापुढे दोन दगडी हत्ती आहेत, त्यांच्या बरोबर मध्ये उभी राहा. पहिल्यांदा दोन्ही बाजू सारख्या वाटतील. मग एकेक खिडकी जोडीने बघत जा. उंची तीच, माप तेच, पण इकडची वेल तिकडे नाही, तिकडचं फूल इकडे नाही. मी एकदा पाऊण तास हेच करत होते. हवेलीतला माणूस शेवटी स्टूल घेऊन आला. एकटं असण्याचा फायदा हाच, “चला आता” म्हणणारं कोणी नसतं. सालमसिंहाची हवेली बाहेरून बघितलीस तरी चालेल, तिचा मोरांच्या आकाराच्या टेकूंवर तोललेला वरचा मजला रस्त्यावरूनच चांगला दिसतो.

जेवण दीड-दोनला, आणि पोटभर. रात्री हलकं खा. बाजरीचा सोगरा माग. आपल्या भोगीच्या भाकरीहून जाड असतो, त्यावर तूप आणि बाजूला गूळ. सोबत कढी आणि केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तिच्यावर तिथली माणसं दुष्काळात जगली आहेत. केर म्हणजे आपल्या नेपतीची फळं. कडू असतात, मीठ-पाण्यात नाहीतर ताकात दिवसचे दिवस मुरवावी लागतात. त्यात कुमटिया, गुंदे म्हणजे आपली भोकरं, आणि आमचूर असं पडलं की ते पंचकुटा. एकही ताजी भाजी नाही, सगळं वाळवलेलं, आणि तरी चव अशी, की मी चौथ्या खेपेला दोन्ही वेळा तेच जेवले.

सम, कुलधरा, लोंगेवाला यांचं काय, असं तू विचारशील. एका दिवसात नको. समच्या वाळूच्या टेकड्या चाळीस किलोमीटरवर आहेत, लोंगेवाला शंभरच्या पुढे. पहिल्या खेपेला मी सगळं करायला गेले. गावात तासभर, कुलधऱ्यात वीस मिनिटं, मग समला इतकी गर्दी आणि गाणी, की वाळूवर वाऱ्याने उठलेली रेघसुद्धा नीट दिसली नाही. रात्री उघड्या जीपमधून कानावर टोपी न घेता परत आले आणि पुढचे चार दिवस तापाने फणफणले. वाळवंट बघायचं तर पुन्हा ये, दोन रात्री काढ, आणि खुरीच्या बाजूला जा. तेव्हा माळढोकाचंही विचार. सोलापूरजवळ नान्नजला आपण ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तो पक्षी आता उरलाय तो मुख्यतः ह्याच माळांवर.

हवेल्यांच्या आसपास किंवा किल्ल्याच्या चढावर कमायचा वाजवणारा कोणी मांगणियार बसलेला दिसेल. लाकडाचा गोल वाडगा, त्यावर बोकडाचं कातडं ताणलेलं, आणि गज ओढला की घशातून आल्यासारखा जाड आवाज. यजमानांच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत गायचं, हा ह्या मुसलमान गायकांचा पिढ्यांचा हक्क. यजमान पुष्कळदा राजपूत. हमीरा गावच्या साकर खाँना ह्याच वाद्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आधी फोन काढू नकोस. बस, एक गाणं पुरं ऐक, पैसे दे, मग विचारून हवं तर टिप. अर्ध्यावर उठून गेलेल्यांच्या पाठीकडे बघत वाजवणारा चेहरा मी पाहिलाय.

साडेचारला पुन्हा मोकळ्यावर. गावाच्या पश्चिमेच्या अंगाला व्यास छत्री आहे, रिक्षाने जा आणि त्याच रिक्षाला थांबायला सांग. सगळे सूर्याकडे तोंड करून बसतात. तू पाठ कर. किल्ला समोर आहे आणि शेवटचं ऊन त्याच्यावर पडतंय. घरबांधणीच्या दुकानात “जैसलमेर” म्हणून जी पिवळी फरशी विकतात, तो हाच दगड, पण दुकानात तो असा कधी दिसत नाही. सहा-सव्वासहाला सूर्य गेला की पाच मिनिटांत हवा बदलते. गारवा पायाकडून चढतो. टोपी त्याच्या आधी डोक्यावर असू दे. सातच्या आत मुक्कामी पोहोच. तोवर आतल्या गल्ल्या ओस पडतात, वाटा सारख्याच दिसतात, आणि कुत्री जागी होतात. ताईला पोहोचल्याचा निरोप तू कर, मला नंतर.

कधी जानेवारीत तिथे ढग येतात आणि हलका पाऊस पडतो. ते त्याला मावठ म्हणतात, आपण मावठा म्हणतो तोच. तो दिवस तुझ्या वाट्याला आला तर हिरमुसू नकोस. दगड भिजून मधासारखा गडद होतो, आणि दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर येऊन पाऊस बघत उभे राहतात.

निघण्याआधी बाजारातल्या किराण्याच्या दुकानातून माझ्यासाठी पाव किलो सांगरी आण आणि अर्धपाव केर. सांगरी बारीक, कोवळी बघ. जाड शेंग कितीही शिजवली तरी चिवट राहते. केरही जितकं लहान तितकं चांगलं, मिरीएवढं मिळालं तर भाव करू नकोस. कापडी पिशवी घरूनच ने, आणि गाठ घट्ट मार, गाडीत वाळू येते.